मुक्या मिशनच्या भागाबाई

आमच्या दवाखान्याच्या कमिटीत मतं मोजायची पद्धत नव्हती. कुणी हात वर करत नसे, कुणी जिंकत नसे आणि कुणी हरतही नसे. सगळे आधी थोडा वेळ गप्प बसत, मग बोलत, मग पुन्हा गप्प बसत. सगळ्यांचं म्हणणं एका जागी आलं असं वाटलं की भागाबाई मान खाली घालून वहीत लिहू लागत. लिहून झालं की उभ्या राहत आणि खड्या आवाजात ते वाचून दाखवत. बैठकीतलं प्रत्येक माणूस "बराबर" म्हणेपर्यंत कुणी जागचं हलायचं नाही. बाहेर बैल जुंपून ठेवलेले असोत, चुलीवर भात करपत असो.

"शाई सुकू द्या," त्या म्हणायच्या, "मंग जावा."

भोकरदनहून टेंभुर्णीकडे जाणाऱ्या वाटेवरचं ते गाव. निजामाचा मुलूख. तिथं एका इंग्रज डॉक्टरांनी आणि त्यांच्या बायकोनं दवाखाना काढला होता, शेजारी चार खोल्यांची शाळा होती. दोघं क्वेकर पंथाचे. त्या पंथात पाद्री नाही, भजन नाही, घंटा नाही. प्रार्थना म्हणजे सगळ्यांनी मिळून गप्प बसणं. साहेब म्हटलेलंही त्यांना खपत नसे, म्हणून लोक त्यांना डॉक्टरदादा आणि हन्नाबाई म्हणत. आणि त्यांच्या त्या गप्प बसण्यावरून आमच्या दवाखान्याला अख्ख्या पंचक्रोशीत एकच नाव पडलं होतं, 'मुकं मिशन'.

मी जालन्याची. वडील कचेरीत कारकून. नर्सिंग शिकून पहिल्यांदा त्या गावी गेले तेव्हा वाटलं होतं, कमिटीची लेखनिक म्हणजे कुणीतरी शहरात शिकलेली, चष्मेवाली बाई असेल. दारात उभी होती ती हाडापेरानं थोराड, उन्हानं रापलेली, नऊवारीचा काष्टा घट्ट मारलेली एक शेतकरीण. डाव्या पायाची दोन बोटं नव्हती, त्यामुळे चालताना जरा कलायची. तिनं माझं नाव विचारलं, बापाचं विचारलं, गाव विचारलं, आणि म्हणाली, "लीला, लांब का आखूड?"

"काय?"

"नावातला ली. चुकीचं लिहून राह्यलं तर जल्मभर चुकीचंच राहतं."

टेंभुर्णीच्या एका मोठ्या शेतकरी घरातली ही लेक, लवकर विधवा होऊन माहेरी परतलेली. बाविसाव्या वर्षी पायात बाभळीचा काटा मोडला, पाय चिघळला, तेव्हा भावानं गाडीत घालून तिला इथं आणून टाकलं. तीन महिने ती खाटेवर पडून होती. हन्नाबाईंनी वेळ जावा म्हणून तिला पाटी दिली. अक्षरं जुळायला लागली तशी ती समोर येईल ते वाचू लागली. औषधाच्या बाटल्या, भिंतीवरच्या पाट्या. एके दिवशी हन्नाबाई कमिटीची वही तिच्या खाटेशेजारी विसरून गेल्या. कमिटीचं लिखाण तेव्हा इंग्रजीत होई, पण खाली थोडक्यात मराठी तर्जुमा असे. भागाबाईंनी तो लावून लावून वाचला. त्यात लिहिलं होतं: 'टेंभुर्णीची भागाबाई हिला घरी पाठवू नये. भाऊ नेण्यास राजी नाही. तिला वॉर्डात कामावर ठेवावे.'

हे त्या मला पुढे सांगायच्या तेव्हा रडायच्या नाहीत, चिडायच्याही नाहीत. नवल करायच्या. "भाऊ न्यायला राजी न्हाई हे समद्या कमिटीला ठावं. वहीला ठावं. एका मलाच ठावं न्हाई! माझ्याबद्दल लिहून ठिवलं आन मी आपली रोज रस्त्याकडं बघत बसल्ते."

त्या दिवसापासून त्यांचा एक नेम झाला. ज्याचं नाव वहीत, त्याच्या कानावर ते गेलंच पाहिजे. पुढे वॉर्डातली आया म्हणून त्या बैठकीत पाणी द्यायला जात. डॉक्टरदादा इंग्रजीत लिहून मग मराठीत सांगत. एकदा भागाबाई तांब्या हातात धरून मध्येच म्हणाल्या, "दादा, लोकं घटकाभर बोलली आन तुमचं चारच ओळींत उरकलं. सखारामबुवा काय म्हनले ते कुठंय?" डॉक्टरदादांनी वही पाहिली. सखारामबुवा म्हणजे महारवाड्यातले वडीलधारे, कमिटीचे सभासद. त्यांचं बोलणं खरोखरच लिहायचं राहिलं होतं. डॉक्टरदादांनी वही भागाबाईंपुढे सरकवली. तेव्हापासून कमिटीचं लिखाण मराठीत आणि भागाबाईंच्या हातचं.

अक्षर सुबक नव्हतंच. पेरणीत दोन तासांमध्ये, म्हणजे चरांमध्ये, राखावं तसं दोन ओळींमध्ये अंतर राखलेलं, मोठं, सुटं, जोर देऊन लिहिलेलं अक्षर. लिहिताना जिभेचं टोक दातांत धरायच्या. खाडाखोड बिलकुल नाही. चुकलं तर त्यावर रेघ न मारता पुढे लिहायच्या, 'वरील चूक, खरे असे.' मी एकदा म्हटलं, "अहो, खोडून टाकायचं सरळ." तर म्हणाल्या, "चुकले व्हते हेबी खरंच हाय की."

बैठक झाली की दुसऱ्या दिवशी त्या वही फडक्यात गुंडाळायच्या आणि चालू लागायच्या. कुणाच्या आजारी बैलाबद्दल ठरलं असेल, कुणाच्या मुलीला शाळेत घ्यायचं ठरलं असेल, त्या त्या घरी जाऊन ती चार ओळी वाचून दाखवायच्या. सात-सात मैल, तेही त्या पायानं. एकदा मी सोबत होते. केळना नदीच्या पलीकडच्या एका वस्तीवर एक म्हातारा होता. वॉर्डात आपल्याला वाईट बोललं गेलं अशी त्याची तक्रार होती आणि कमिटीनं ती खरी मानली होती. भागाबाईंनी त्याच्या अंगणात उभं राहून वाचलं, 'तक्रार खरी आहे. कमिटीस वाईट वाटते.' म्हातारा ऐकत राहिला. मग त्यानं पुन्हा वाचायला सांगितलं. मग सुनेला बाहेर बोलावलं आणि तिसऱ्यांदा वाचायला सांगितलं. परतताना मी कुरकुरले, "एवढ्या दोन ओळींसाठी एवढी पायपीट!" भागाबाई म्हणाल्या, "त्याला आजपत्तूर कुनी लेखी वाईट वाटून घेतलं व्हतं का?"

कमिटीत तेव्हा डॉक्टरदादा, हन्नाबाई, सखारामबुवा, शाळेतले करीममास्तर आणि गावचे रंगराव पाटील होते. पाटलांना गप्प बसणं भारी जड जाई. मिशीवरून हात फिरवत, खाकरत, छताकडे बघत ते वेळ काढायचे. करीममास्तर डोळे मिटून शांत बसत आणि वहीला अदबीनं 'रूदाद', म्हणजे इतिवृत्त, म्हणत. वर्षभरानंतर मलाही त्या बैठकीत जागा मिळाली. पुढे पाटलांचा उजवा हात आणि पाय लुळा पडला, ते घरीच राहू लागले आणि त्यांचा मुलगा बाबूराव कारभार बघू लागला. तिथून ती गोष्ट सुरू झाली, जिच्यामुळे भागाबाई मला खऱ्या कळल्या.

दवाखान्याच्या आवारालगत एक विहीर होती. मी येण्याच्या आधी कमिटीनं ती खोदवली होती. जागा पाटलांनी दिली होती, खोदायला महारवाडा राबला होता, आणि पाणी सगळ्या गावाचं असं तेव्हा बैठकीत ठरलं होतं. बाबूरावांनी कारभार हाती येताच विहिरीच्या महारवाड्याकडच्या अंगाला बाभळीच्या काट्यांची झाप लावली आणि महारवाड्यातल्या बायकांना सांगितलं, तुमचं पाणी नाल्यावर. उन्हाळा तोंडावर आलेला. नाला म्हणजे वाळूत खड्डा करून वाटीवाटीनं भरायचं पाणी.

सखारामबुवा तडक कमिटीत आले. आवाज चढला नव्हता. म्हणाले, "वहीत हाय. वही काढा."

बाबूरावांनाही बोलावणं धाडलं होतं. ते दारातच उभे राहिले. "हां, काढा की. आबांनी कबूल केल्तं आसं म्हन्ता ना? दाखवा कुठं लिहिलंय ते. लिहिलेलं आसंल तर झाप मी सोत्ताच्या हातानं काढतो."

भागाबाई आतल्या खोलीत गेल्या. भिंतीतल्या कपाटात वह्या असत. बराच वेळ झाला तरी त्या येईनात, म्हणून मी आत गेले. त्या जमिनीवर बसल्या होत्या, मांडीवर तिसरी वही उघडी. भिंतीतून वर आलेल्या वाळवीनं वहीच्या पोटात घर केलं होतं. पुठ्ठे शाबूत, पहिली पानं शाबूत, शेवटची शाबूत, आणि मध्ये मातीचे बोगदे. पान उलटायला गेलं की भुसा गळत होता.

त्यांनी ती वही तशीच पदरात घेतली, बाहेर आल्या आणि सगळ्यांसमोर ठेवली. "वाळवीनं खाल्ली. विहिरीचं पान अर्धं गेलं."

बाबूराव हसले नाहीत, पण निघताना डोक्यावरचा पटका नीट करत म्हणाले, "मंग संपलं."

सखारामबुवा त्या भुश्याकडे बघत राहिले. डॉक्टरदादा म्हणाले, "यात कुणाचा दोष नाही. वाळवी आहे."

"कसा न्हाई?" भागाबाई म्हणाल्या. "पावसाळ्यापसून कपाटाची मागली फळी म्या बघितली न्हाई. जिम्मा माझा." आणि त्यांनी चालू वही ओढून तिथंच लिहिलं आणि उभं राहून वाचलं: 'तिसरी वही वाळवीने खाल्ली. लेखनिक भागाबाई हिच्या हलगर्जीपणामुळे असे झाले.' हन्नाबाई म्हणाल्या, एवढं कठोर नको. भागाबाईंनी एकेकाकडे पाहिलं. "खरं हाय का न्हाई तेवढं सांगा." मग एकेकाला "बराबर" म्हणावं लागलं. सर्वांत शेवटी मी म्हटलं.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी वही पुन्हा उभी करायला घेतली. वाचलेले तुकडे पिठाच्या खळीनं पातळ कागदावर डकवले. जालन्याहून पत्र्याची पेटी मागवली, तिचे पाय पाणी भरलेल्या मातीच्या परळांत ठेवले, आत वेखंडाची कांडकी आणि कडुनिंबाचा पाला. आणि जे अक्षर गेलं होतं ते परत आणायला त्या माणसांकडे जाऊ लागल्या. जुन्या बैठकांना कोण कोण होतं ते शोधायचं, प्रत्येकाला वेगळं गाठायचं आणि विचारायचं, काय ठरलं होतं? दोघांचं जुळलं तरच लिहायचं. जुळलं नाही तर तेवढी जागा मोकळी सोडायची. करीममास्तरांना बऱ्याच गोष्टी आठवत. डॉक्टरदादांना औषधांच्या तेवढ्या आठवत. अंबडला बदलून गेलेल्या एका जुन्या मास्तरांना भेटायला भागाबाई दोन दिवस प्रवास करून गेल्या आणि शाळेच्या छपराची एक ओळ घेऊन परत आल्या.

विहिरीच्या बैठकीला मात्र करीममास्तर नव्हते. डॉक्टरदादा आणि हन्नाबाई त्या महिन्यात रजेवर मायदेशी गेलेले. होते ते फक्त सखारामबुवा आणि रंगराव पाटील, आणि लिहायला भागाबाई. सखारामबुवांनी सांगायचं ते सांगितलं. पाटलांकडे भागाबाई गेल्या तर ते म्हणाले, "मला काय आठवत न्हाई बाई आता."

मी तर भांडलेच. "भागाबाई, तुम्ही स्वतः लिहिलं होतंत ना ते? तुम्हाला आठवतं ना?"

"तोंडपाठ हाय."

"मग एक सखारामबुवा, एक तुम्ही. झाले की दोन!"

"मी लिहिनारी," त्या म्हणाल्या. "लिहिनारीनं सोत्ताचीच साक्ष धरली तर वही माझी झाली. मंग उद्या बाबूरावबी लिहिनारा ठिवंल आन त्याची वही करंल."

"अहो, पण खरं आहे ना ते!"

"खरं हाय म्हनूनच. खऱ्याला माझी काय गरज?"

सखारामबुवांचा तोल त्या दिवशी पहिल्यांदा सुटलेला मी पाहिला. ते आवारात उभे होते. "तुमच्या वहीच्या नेमापायी आमच्या बाया नाल्याला चालल्यात, भागाबाई. माझी सून सातव्या महिन्याची हाय. ती वाटी वाटी पानी भरती. तुमचं एक अक्षर पायजे व्हतं. एक."

दुसऱ्या दिवशी पहाटे भागाबाई घागर घेऊन नाल्याच्या वाटेला लागल्या. त्या दिवसापासून त्यांनी विहिरीचं पाणी सोडलं. महारवाड्यातल्या बायकांबरोबर वाळूत बसायच्या, वाटीनं घागर भरायच्या आणि तो पाय ओढत परत यायच्या. सखारामबुवांच्या सुनेची घागर आधी भरून, तिच्या दारात ठेवून, मग आपली. गावात चर्चा झाली. टेंभुर्णीहून त्यांचा भाऊ आला, दवाखान्याच्या पायरीवर उभा राहून म्हणाला, घराण्याचं नाव घालवून राह्यलीस. त्यावर त्या इतकंच म्हणाल्या, "दादा, हेबी वहीत लिहू का? लिहिलं तर वाचून दाखवाया टेंभुर्णीला यावं लागंल मला." भाऊ आल्या पावली गेला.

आणि दर शनिवारी त्या पाटलांकडे जात. मी पाटलांच्या पाठीला पडून पडून झालेली जखम धुवायला जायची, त्या माझ्याबरोबर येत आणि खाटेशेजारी जमिनीवर बसत. काही बोलत नसत. मिशनातल्यासारख्या गप्प. पाटील आधी तोंड फिरवून पडायचे. एका शनिवारी वैतागून म्हणाले, "काहून येती गं? मला आठवत न्हाई म्हनलं ना एकडाव?"

"बराबर हाय आबा. आठवंपत्तूर बसते."

"आन न्हाईच आठवलं तर?"

"तर ती जागा मोकळी ऱ्हाईल. जबरदस्ती न्हाई."

असे किती शनिवार गेले मी मोजले नाहीत. उन्हाळा पार तापला. सखारामबुवांच्या सुनेला वॉर्डात मुलगी झाली, धडधाकट. त्याच्या पुढच्या शनिवारी आम्ही गेलो तेव्हा पाटील उशीला टेकून बसले होते. बाबूराव चौकटीला टेकून उभे. पाटील म्हणाले, "तू नाल्याचं पानी पिऊन राह्यली म्हनं."

"हां."

"वही आनलीस? काय उरलंय त्यात ते वाच."

भागाबाईंनी डकवलेलं पान उघडलं. "'विहिरीचे काम पुरे झाले. पाणी गोड लागले. रंगराव पाटील म्हणाले की,'" आणि त्या थांबल्या.

"पुढं?"

"पुढलं वाळवीनं खाल्लं."

"तुला पाठ आसंल."

"हाय."

"मंग म्हन की."

"म्या न्हाई म्हननार आबा. बोलनारे तुमी व्हता. तुमी म्हना."

पाटील त्यांच्याकडे बघत राहिले. "तू लिहून टाकलं आसतं तर कोन इचारनार व्हतं तुला? तो सखाराम साक्षीला हायेच. माझं काय, मी मुडद्यागत पडलेला. का न्हाई लिहिलंस?"

"मंग ते माझं बोलनं झालं आसतं. तुमचं न्हाई. तुमी त्या दिशी जे म्हनले ते बोलायला छाती लागती. ते तुमच्या नावावरच ऱ्हाया पायजे."

पाटलांना गप्प बसणं कधी जमलं नव्हतं, पण त्या दिवशी ते बराच वेळ गप्प बसले. मग एकेक शब्द तोडत म्हणाले, "लिही. मी म्हनलं व्हतं, पानी समद्याचं. जात पुसायची न्हाई. आन वर म्हनलं व्हतं, की माझ्या घरच्या बाया त्यांच्या संगट पानी शेंदतील."

"आबा!" बाबूराव पुढे आले.

"गप. मी बोलून राह्यलो." मग भागाबाईंना म्हणाले, "हेच व्हतं ना?"

"सखारामबुवांनीबी शेवटलं वाक्य हेच सांगितलंय," भागाबाई म्हणाल्या. लिहून झाल्यावर त्या उठल्या आणि नेहमीसारख्या खड्या आवाजात वाचलं. पाटील म्हणाले, "बराबर." मग त्यांनी दौत मागितली आणि डाव्या हातानं सही केली. वेडीवाकडी, पानभर पसरलेली. भागाबाईंनी शेजारी बारीक अक्षरात नोंदलं, 'डाव्या हाताची सही. उजवा चालत नाही.'

झाप बाबूरावांनी स्वतः काढली. माणूस शब्दाला पक्का निघाला, एवढं म्हणायला हवं. त्या दिवशी सखारामबुवा भागाबाईंकडे आले, विहिरीचं पहिलं पाणी त्यांच्या घागरीत ओतून गेले. पाटलांच्या घरच्या बायका मात्र त्या विहिरीवर महारवाड्याच्या बायकांसोबत कधी आल्या नाहीत. भागाबाईंनी तेही वहीत लिहिलं आणि पाटलांच्या माजघरात जाऊन त्यांना वाचून दाखवलं.

महायुद्ध संपलं तसे डॉक्टरदादा थकले. हन्नाबाई त्याआधीच गेल्या होत्या, दवाखान्यामागच्या कडुनिंबाखाली त्यांना पुरलं होतं. डॉक्टरदादा एकटे विलायतेला परतले. जाताना म्हणाले, वह्यांना धोका वाटला तर नर्मदेकाठी आपल्या पंथाचं मिशन आहे, तिथं पोचवा. दवाखाना मी आणि एक कंपाउंडर मिळून कसाबसा चालवत होतो. बैठका चालूच होत्या. पाटील वारले, त्यांच्या जागी कुणी आलं नाही.

मग अठ्ठेचाळीसचा उन्हाळा आला. रझाकारांच्या टोळ्या फिरत होत्या, गावंच्या गावं वऱ्हाडच्या हद्दीत निघून चालली होती. माझ्या भावाचा निरोप आला, बुलढाण्याला ये, मी घ्यायला येतो. भागाबाई म्हणाल्या, "चल, मीबी येते. वह्या पलीकडं घालू." पेटी बैलगाडीत चढवली, वर कडबा टाकला. मी म्हटलं कडबा पेटीवर नीट पसरू या, दिसायला नको. त्यांनी तो काढून खाली बैलांपुढे टाकला. "लपवायला काय चोरीचा माल हाय?"

हद्दीच्या नाक्यावर गाडी अडवली. दोन बंदूकवाले आणि एक म्हातारे मुन्शी.

"पेटी में क्या है?"

"कमिटीच्या वह्या."

त्या दिवसांत कमिटी हा शब्दच वाईट, निजामाविरुद्धची चळवळ वाटायची. बंदूकवाले जवळ आले. मुन्शी म्हणाले, "कौनसी कमिटी?"

"दवाखान्याची."

"क्या लिखा है, पढ़के सुनाओ."

भागाबाईंनी पहिली वही काढली, पहिलं पान उघडलं आणि उभं राहून इंग्रजीखालचा मराठी तर्जुमा वाचायला सुरुवात केली. कौलं बदलणे. कोयनेल संपणे. वॉर्डात बकरी शिरून पेशंटची भाकर खाणे. मुन्शींना मराठी चांगलं कळत होतं. मी बंदुकांकडे बघतेय, आणि ही बाई पान उलटून पुढे वाचतेय. काही वेळानं मुन्शी म्हणाले, "बस बाई, समझ गया."

"सात वह्या हायेत. ही पैलीच हाय," भागाबाई म्हणाल्या. "ऐकायचं तर समदं ऐकावं लागंल. मधलं सोडून वाचता येत न्हाई."

ऊन डोक्यावर आलं. बंदूकवाले सावलीला जाऊन बसले. भागाबाईंचा घसा बसला तेव्हा मुन्शींनी स्वतः मडक्यातलं पाणी आणून दिलं आणि पेटीचं झाकण आपल्या हातानं लावलं. "जाओ." आणि गाडी हलल्यावर हळूच विचारलं, "बाई, वो बकरीवाला मामला? आगे क्या हुआ?"

"बकरीवाल्यानं माफी मागितली. पंधरा दिवस वॉर्डाला दूध घातलं," भागाबाई गाडीतूनच म्हणाल्या. मुन्शींनी मान हलवली, समाधान झाल्यासारखी.

बुलढाण्याला माझा भाऊ आला होता. पेटी माझ्याबरोबर मलकापूरपर्यंत जाणार आणि तिथून रेल्वेनं नर्मदेकडे. भागाबाईंनी माझ्याकडून पावती लिहून घेतली, सात वह्या, तिसरी डकवलेली. आणि ती वाचून दाखवायला लावली. मी म्हटलं, "तुम्हीही चला. आता मागे काय राहिलंय?"

"ऐतवारी बैठक हाय."

"कोण येणार बैठकीला? अशा दिवसांत?"

"सखारामबुवा येतील. करीममास्तर येतील. दोघं बसले तरी बैठकच हाय. लिहायला कुनी पायजे का न्हाई?"

मी त्यांचा हात धरला. रडले. त्या रडल्या नाहीत. "जल्दी जा, मोटर भरून राह्यली," एवढंच म्हणाल्या.

पुढे आमची भेट झाली नाही. पेटी पोचल्याचं पत्र मला आलं, मी ते त्यांना धाडलं. पोलीस ॲक्शननंतर काही महिन्यांनी करीममास्तरांचं कार्ड आलं. त्या उन्हाळ्यातली एकही बैठक चुकली नव्हती. ॲक्शनच्या आठवड्यात मुसलमानांची घरं लुटली जात होती तेव्हा सखारामबुवांनी करीममास्तरांना कुटुंबासह आपल्या घरात ठेवून घेतलं होतं, आणि पुढच्या बैठकीत भागाबाईंनी ते लिहून तिघांत वाचून दाखवलं होतं.

त्या दिवशी बुलढाण्याला मोटर सुटता सुटता मी खिडकीतून मागे पाहिलं होतं. रस्त्यापलीकडे कागद-दौतीचं एक दुकान होतं. भागाबाई त्याच्या फळीपाशी उभ्या होत्या. दुकानदारानं दिलेली जाड वही त्यांनी उघडून दोन्ही हातांनी ताणली होती, शिवण किती पक्की आहे ते बघत होत्या. शिवण त्यांना पसंत नव्हती. दुकानदार काहीतरी समजावत होता, त्या मान हलवून नाही म्हणत होत्या आणि वरच्या फळीवरच्या दुसऱ्या वहीकडे बोट दाखवत होत्या. मोटरीचा भोंगा वाजला, धूळ उठली. त्यांनी वर पाहिलं नाही. दुकानदार शिडी आणायला आत वळला आणि त्या फळीवर कोपर टेकून त्याची वाट बघत उभ्या राहिल्या.